मचाणासमोरची हरिणी

सकाळपासून तिसऱ्यांदा हरिणी कळपातून बाहेर निघाली आणि तिसऱ्यांदा तिच्या गळ्यातली विजेची पट्टी गुणगुणली. चटका बसायच्या आधीच ती माघारी फिरली आणि पर्यटकांच्या मचाणासमोर मुकाट उभी राहिली.

या माळावरच्या काळविटांमागे हेमलता ठोंबरेंनी बावीस उन्हाळे काढले होते. हरिणीची भरलेली कास पाहून त्यांचं डोकं भडकलं. त्या तरातरा नियंत्रण खोलीत शिरल्या.

"कुदळे, त्या पट्ट्या बंद करा. बाळंतीण आहे ती. पाडसाला गवतात लपवून मधूनमधून पाजायला जाते. परवापासून रात्रंदिवस तुम्ही तिला इथं अडकवून ठेवलीय."

"रविवारपर्यंत बुकिंग फुल आहे, मॅडम." व्यवस्थापक कुदळेंनी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "भूक लागली की पाडसच येईल आईकडे. सवय होईल त्याला."

"सवय?" बाईंचा आवाज चढला. "आई येईपर्यंत जागचं हलायचं नाही, ही सवय त्याच्या रक्तात मुरायला लाखो वर्षं लागलीत. ती तुमच्या बुकिंगसाठी मोडेल?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला. पट्ट्या गप्प झाल्या. मचाणावर आरडाओरडा सुरू झाला, पण हरिणी केव्हाच गवताकडे सुटली होती.

बाई धापा टाकत पोचल्या तेव्हा ती पाडसाला चाटत होती. त्याच्या डोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. आईनं ठेवलं होतं तिथून ते तसूभरही हललं नव्हतं.