दोनचे टोले

अठ्ठावन्न साली बंगलोरला बसवनगुडीतल्या घरी मुलगा झाला तेव्हा तुंगाच्या यजमानांनी इंग्रजी पुस्तक आणलं. दर चार तासांनी दूध. मधे रडलं तर उचलायचं नाही, मूल लाडावतं. "स्वल्प रडू दे, सवय होईल," ते म्हणायचे. पान्ह्यानं चोळी ओली झाली तरी तुंगा दाराआड उभी राहून भिंतीवरचं घड्याळ बघायची. सहा, दहा, दोनचे टोले पडले की मगच बाळाला उचलून पाजायची. तीन महिन्यांत रडणं थांबलं. "किती गुणी पोर," शेजारच्या अक्का म्हणाल्या. तुंगाला बरंही वाटलं नाही, वाईटही नाही. एका दुपारी दहा महिन्यांचं बाळ रांगताना उंबऱ्यावर आपटलं. कपाळावर टेंगूळ आलं, पण तोंडातून आवाज नाही. तुंगानं आधी घड्याळ पाहिलं. दोन वाजायला मिनिट होतं. मग तिनं खाली बसून हात पसरले. "ये रे." बाळ हललं नाही. दोनचे टोले पडले. बाळानं दोन्ही हात घड्याळाकडे उंचावले.