आदल्या दिवशीचं इतिवृत्त

विद्यापीठाच्या परिषदेत विद्यार्थ्यांची पहिलीच प्रतिनिधी म्हणून मी बसले होते. ठराव होता ग्रंथालय संध्याकाळी पाचलाच बंद करण्याचा. दिवसभर नोकरी करून शिकणाऱ्यांनी मग वाचायचं कधी? शेजारी लिपिककाकांसमोर आजच्या सभेचं इतिवृत्त होतं, आदल्या दिवशीच टाइप केलेलं: ‘सर्वानुमते मंजूर.’ “कुणाची हरकत नाही ना?” कुलगुरूंनी घड्याळाकडे बघत विचारलं. माझा हात वर गेला. “माझी आहे, सर.” चौदा माना गर्रकन वळल्या. कुलगुरूंनी चष्मा काढला. “बरं, लिहून घ्या.” काकांनी शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही. पेन नव्हतंच! “बावीस वर्षांत कधी लागलंच नाही हो,” ते ओशाळून म्हणाले. मी माझं पुढे केलं. त्यांनी ‘सर्वानुमते’वर आडवी रेघ ओढली. “बोल पोरी, सावकाश बोल. एक शब्दही सुटायला नको.”