धाकटीचं तोंड

साहेबांनी बॅगेची चेन ओढली आणि धाकट्याचा जीव भांड्यात पडला.

आइस्क्रीमच्या कारखान्याची तपासणी दरवर्षी होई आणि दरवर्षी अशीच पार पडे. अन्न निरीक्षक सरळ माणूस होता, पण त्याच्या वाट्याला कारखाने ढीगभर आणि तो एकटा. पुढच्या हॉलमध्ये तो फ्रीझरचं तापमान पाही, कामगारांच्या टोप्या आणि नखं पाही, व्हॅनिलाचा नमुना बाटलीत भरून घेई. पुढचा हॉल कायम आरशासारखा लख्ख असे. त्या बाबतीत थोरल्या भावाकडे कुणी बोट दाखवू शकलं नसतं.

मागे, बोळाच्या टोकाला, आणखी एक खोली होती. दुकानांतून वितळून परत आलेला माल तिथे जाई. कप फाडायचे, आतलं सगळं पिंपात ओतायचं आणि पुढच्या खेपेत चॉकलेटच्या गडद रंगाखाली पुन्हा गोठवायचं. ही थोरल्याची युक्ती. धाकट्याला ती पसंत नव्हती, पण वडील गेल्यापासून थोरल्यापुढे ‘पण’ म्हणायची त्याची सवयच मोडली होती. उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतली पोरं उलट्यांनी आडवी झाली आणि दोष पाण्याच्या टाकीवर गेला, तेव्हा मात्र न राहवून त्याने सगळं बायकोच्या कानावर घातलं. तिने ऐकून घेतलं आणि काही न बोलता कूस बदलली.

ती काही बोलली नाही, याचंच त्याला नवल वाटलं होतं. एरवी धाकटीच्या तोंडाला सगळी गल्ली वचकून असे. दूधवाला, मीटर बघायला येणारा, शाळेचे हेडमास्तर, सगळ्यांशी तिचं एकदा तरी वाजलं होतं. सासरच्या नावाला कुणी उणं बोललं तर मग बघायलाच नको. मालाची तक्रार घेऊन आलेल्या एका दुकानदाराला तिने असा झाडला होता की तो पुन्हा फिरकला नाही. आपल्याला दारात कुत्रं बांधायची गरज नाही, असं थोरला हसत हसत सगळ्यांना सांगायचा.

आता साहेब दाराकडे वळले, तेवढ्यात ती जिन्यावरून खाली आली.

“झाली का पाहणी?” तिने विचारलं. “दरवर्षी येता, टोप्या मोजता, कामाचा खोळंबा करता. आम्ही काय चोर आहोत?”

साहेब ओशाळून हसले. नोकरी आहे, करावं लागतं, म्हणाले. इथे सगळं उत्तम आहे, मी निघालोच. थोरलाही गालात हसला.

“उत्तम आहेच. आणि मागच्या खोलीचं म्हणाल, तर ती आमची घरची खोली आहे. तिथे मी कुणाला पाऊल टाकू देणार नाही.”

मागच्या खोलीचं साहेबांनी नावही काढलं नव्हतं. थोरल्याचं हसू मावळलं.

कसली खोली, असं साहेबांनी विचारलं. अडगळ आहे, मोडक्या खुर्च्या आहेत, असं थोरल्याने घाईघाईने सांगितलं आणि तिला वर जायला फर्मावलं. ती गेली नाही. सरळ बोळात शिरली आणि त्या दाराला पाठ लावून उभी राहिली. साहेब समजुतीने बोलले, की त्यांना कुठलीही खोली बघता येते, नुसती नजर टाकतो आणि जातो. तिने अधिकाराचा कागद मागितला. त्यांनी ओळखपत्र दाखवलं, तर फोटोतला माणूस कुणी वेगळाच दिसतो म्हणाली.

मग साहेबांचाही पारा चढला. बाईमाणसाला हात लावता येईना, म्हणून त्यांनी फोन करून महिला पोलीस मागवली.

“मागवा,” ती म्हणाली, ते इतक्या चढ्या आवाजात की फाटकाशी माणसं जमू लागली.

धाकट्याने तिचा दंड धरून तिला बाजूला करायला बघितलं. तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याचा हात आपोआप सुटला. तिकडे थोरला साहेबांना बाजूला घेऊन काही बोलू पाहत होता, पण एवढ्या लोकांसमोर घ्यायला बाजूच उरली नव्हती.

पोलीसबाई आली. तिने धाकटीला हाताला धरून दूर केलं आणि दार उघडलं.

आंबूस वास बोळभर पसरला. पिंपांत करड्या सायीवर कागदाचे तुकडे तरंगत होते, माश्या घोंगावत होत्या. कोपऱ्यात फाडलेल्या कपांचा ढीग होता. साहेबांनी नाकावर रुमाल धरून बॅगेतून नमुन्याच्या बाटल्या काढल्या. फाटकातल्या गर्दीतून एक बाई आत आली. उन्हाळ्यातल्या त्या उलट्यांत तिचा मुलगा मरता मरता वाचला होता. तिने एका पिंपात डोकावून पाहिलं आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. धाकट्याला तिच्याकडे बघवेना.

दिवस मावळायच्या आत कारखान्याला सील लागलं. थोरल्याला चौकीवर नेलं.

वर घरात मोठ्या जावेने डोळ्यांना पदर लावला होता. सासूबाई मात्र एकसारख्या बोलत होत्या. हिच्या जिभेला हाड नाही, भरल्या घरावर हिने नांगर फिरवला, नवऱ्याने वेळीच लगाम घातला असता तर हे दिवस दिसले नसते. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. सगळ्या जगाशी भांडणारी ती बाई एका शब्दाचंही उत्तर देत नव्हती.

धाकटा तिच्यासमोर येऊन बसला. रागवायचं त्राणसुद्धा त्याच्यात उरलं नव्हतं.

“साहेब निघाले होते गं,” तो म्हणाला. “तू गप्प राहिली असतीस, तर काही न बघता गेले असते.”

तिने हातातल्या सदऱ्याची घडी नीट दाबून बाजूला ठेवली.

“हो ना,” ती म्हणाली. “म्हणून तर खाली आले.”