पदरातलं बियाणं

बापाच्या मागे शेताची वाटणी झाली, की त्या गावात बहीण धानाच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या खाचरावर, यायची आणि पदरातलं बियाणं भावाने पसरलेल्या दुपट्ट्यात ओतायची. ओतलं, की जमिनीवरचा तिचा हक्क संपला. हक्कसोडीच्या कागदावर अंगठा नाहीतर सही तिथेच व्हायची.

प्रतिक्षा पदरात बियाणं घेऊन धुऱ्यावर, बांधीच्या बांधावर, उभी होती, पण तिचा हात पुढे होत नव्हता.

"ओत ना," तिचा भाऊ भोजराज म्हणाला. "पूर्वजांची रीत आहे."

"कोणते पूर्वज?" बपेऱ्याहून आलेली त्यांची म्हातारी आत्या, शकुनबाई, काठी टेकत उठली. "तुह्या बापाच्या दुपट्ट्यात पहिल्यांदा मीनंच ओतलं होतं. त्या साली मी बाळंतीण होतो, चिखलात उतरता येत नव्हतं. म्हनून त्याले म्हटलं, माह्या बांधीत तू पेरून दे. बांधी माहीच होती. तिचं धान तो दरसाल बैलबंडीत भरून माह्या घरी आणून टाके. गावानं बियाणं ओतलेलं पाह्यलं, बंडी कोणी पाह्यली नाही."

भोजराजचा दुपट्टा तसाच पसरलेला राहिला.

शकुनबाई प्रतिक्षाकडे वळली. "तू बाळंतीण हायेस का?"

"नाही, आत्याबाई."

"मंग कायले उभी हायेस? उतर बांधीत अन् पेर."