परीक्षेचा फोन

मॅनेजरने नियम केला होता: चालत्या ट्रकमध्ये जो फोन उचलेल, तो आठ दिवस बिनपगारी घरी. ड्रायव्हरांची परीक्षा घ्यायला स्वतःच अधूनमधून फोन लावायचा. कोणी सापडला, की स्वारी खूश. आज मात्र मेकॅनिक धापा टाकत आला. “साहेब, ब्रेकचं काम अर्धंच झालं होतं, आणि ट्रक गेलासुद्धा!” मॅनेजरने संगणकावर ट्रक कुठवर गेला ते पाहिलं. पडद्यावर ट्रकचा ठिपका घाटाकडे सरकत होता. त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी ड्रायव्हरच्या बायकोला फोन केला. “वहिनी, हात जोडतो, तुम्ही लावून बघा, त्याला म्हणावं ट्रक थांबव!” ती हसली. “भाऊजी, मागच्या वेळीही असेच हात जोडलेत. त्यांनी माझा फोन उचलला, तर घरी बसवलंत. आता नाही फसायची मी!” ठिपका घाट उतरू लागला.