दारोदारचं गाणं

किल्ली बाहेरून दोनदा फिरली. मग बंद दारापलीकडूनच सकिनामुमानी म्हणाली, "आज अर्ध्या रमजानची रात हाय. पोरं येतील गोड मागायला. कोण आला तरी आवाज देव नको. बत्ती पण लावू नको. घरात कोण नाय, असाच वाटू दे."

"मुमानी, माझ्या जाण्याचा काय झाला?"

"ईद झाली का पाठवतंय, सांगितलाय ना गो तुला."

घरच्या सगळ्यांना घेऊन गाडी बरका गावातल्या दावतीला निघून गेली.

कोणती ईद, ते मुमानी कधी सांगत नसे. कुलसुम रत्नागिरीहून ओमानमधल्या अल हैलला आली ती मामू-मुमानीच्या मुलाला, झैनला सांभाळायला. पाच-सहा महिने, असं ठरलं होतं. त्यानंतर एक रमजान जाऊन दुसरा आला. पासपोर्ट मामूंच्या कपाटात होता, मोबाइल मुमानीच्या पर्समध्ये. व्हिसा संपलाय, बाहेर दिसलीस तर पोलीस आत टाकतील, असं तिला सांगितलं होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीला गज होते आणि गजांवर पक्की ठोकलेली बारीक जाळी. तिच्यातून अंगणाची भिंत दिसे, बाकी काही नाही. गल्ली तिला आवाजांनीच ठाऊक होती. उजवीकडे घरघरणारा एसी. त्यापलीकडे बकऱ्यांचं घर. अगदी कोपऱ्यावर एका म्हाताऱ्या बाईचा खोकला. गल्लीला मात्र कुलसुम ठाऊक नव्हती.

मगरिबच्या नमाजानंतर, दिवेलागणीला, नवे आवाज सुरू झाले. दगडावर दगड, शिंपल्यावर शिंपला. या संध्याकाळी ओमानी मुलं नवे कपडे घालून, गळ्यात पिशव्या अडकवून दारोदार फिरतात. खाऊ देणाऱ्या घराचं कौतुक गाऊन करतात आणि न देणाऱ्याची फजितीही गाऊनच.

मुलं अंगणात आली. गायली, थांबली, दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग चाल बदलली आणि सगळी खिदळत गाऊ लागली. शब्द कळले नाहीत, तरी ही फजिती आहे हे कुलसुमला कळलं. इफ्तारसाठी केलेले खजुराचे लाडू ओट्यावर तसेच होते. या घरात लाडू आहेत आणि पोरं रिकाम्या हातानं जातायत, हे तिला बघवेना. ती ताट घेऊन खिडकीशी गेली.

"जिन्न!" एक मुलगा किंचाळून मागे पळाला. जरीचा झगा घातलेल्या एका मुलीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि ती खिडकीजवळ आली. तिनं लाडू पाहिले. मग दाराकडे बोट केलं.

झैनचा अरबीचा अभ्यास कुलसुमच घेत असे. बाब म्हणजे दार. बैत म्हणजे घर. मिफ्ताह म्हणजे किल्ली.

"मिफ्ताह मा फी," ती हळूच म्हणाली. किल्ली नाही.

मुलीला ते खरं वाटलं नाही. तिनं जाऊन दाराची मूठ दाबून पाहिली, खांद्यानं ढकलूनही पाहिलं. परत आली तेव्हा ती हसत नव्हती. जाळीत बोट खुपसायचा प्रयत्न केला, ते गेलं नाही.

"इस्मिच?" तिनं नाव विचारलं.

"कुलसुम."

मुलांमध्ये वाद सुरू झाला. हे घर देणारं की न देणारं? कौतुकाचं गाणं लागू पडत नव्हतं, फजितीचंही नाही. शेवटी झगेवालीनं दोन दगड एकमेकांवर आपटले आणि नवंच गाणं जुळवलं.

"बाब, बाब, मिफ्ताह मा फी! कुलसुम, कुलसुम फिल बैत!"

दार आहे, किल्ली नाही. कुलसुम घरात आहे.

"नको, श्श," कुलसुम म्हणाली. हे मुमानीच्या कानावर गेलं तर? पण पोरांना चाल आवडली होती. ती अंगणातून बाहेर पडली तीच नाचत.

कुलसुमला आता फक्त ऐकता येत होतं. घरघरत्या एसीखाली तिचं नाव ऐकू आलं. दार उघडलं, बंद झालं. मग बकऱ्यांच्या घराशी. बकऱ्या ओरडल्या, त्यांच्या वर पुन्हा तेच गाणं. नाव लहान लहान होत गेलं. कोपऱ्यापर्यंत पोचलं तेव्हा तिला ते शोधून ऐकावं लागत होतं.

तिथे गाणं मध्येच तुटलं. दगड वाजायचे थांबले. म्हाताऱ्या बाईनं काहीतरी विचारलं. एकच बारीक आवाज बराच वेळ उत्तर देत राहिला.

मग चपला. एक जोडी, तिच्यामागे आणखी, त्यांच्याभोवती धावणारी लहान पावलं. बकऱ्यांच्या घरावरून, एसीखालून, थेट अंगणात. खोकला दारापाशी येऊन थांबला. मूठ खाली दबली, वर आली.

"कुलसुम?"

दार अजून बंदच होतं. कुलसुमनं दिव्याचं बटण दाबलं आणि आवाज दिला.