शेवट दिलासादायक

"रक्त नाही, मारामारी नाही, शिवी एकच आणि तीही इंजिनाला," तोरलाइफने निकाल सांगितला. "आणि मरत कोणीच नाही."

हेर्डिस तरीही तिकिटाच्या टेबलापुढून हलेना. फिरता सिनेमा आमच्या गावाच्या सभागृहात वर्षातून तीनचारदा येतो आणि त्या शनिवारी अख्खा गाव तिथे असतो. जो आला नाही त्याच्या प्रकृतीची चौकशी होते. तिची लेक योरीड आठ वर्षांची. पोस्टरवर वयाचा आकडा नऊचा होता, पण सोबत मोठं माणूस असलं की चालतं, नियमही तेच म्हणतो. आकड्याखाली बारीक अक्षरांत परीक्षकांचं मत छापलं होतं: अंतराळप्रवासाची सत्यघटना, काही प्रसंग तणावाचे, शेवट दिलासादायक.

तोरलाइफ हेर्डिसचा दीर. बोटीच्या इंजिनाचा भाग आणायला तो त्रोम्सो शहरात गेला, तेव्हा तिनेच त्याला हा सिनेमा आधी बघून यायला सांगितलं होतं. वर्गातले सगळे जाणार, मीच तेवढी नाही, असं म्हणून पोरीने भंडावून सोडलं होतं. तोरलाइफ आयुष्यात कधी एकटा सिनेमाला गेला नव्हता. भावाच्या मुलीसाठी गेला, टोपी मांडीवर घेऊन बसला, आणि शेवटी आपलेच डोळे भरून आले एवढं सोडून बाकी सगळं त्याने खरं सांगितलं.

"परत येतात ना?" हेर्डिसने हळूच विचारलं.

"तिघंही. धडधाकट."

तिने तिकिटं काढली.

माग्ने, तिचा नवरा, दोन वर्षांपूर्वी बोटीसकट गेला. आमच्याकडे बुडाला असं कोणी म्हणत नाही. समुद्रावर राहिला, म्हणतात. बापजाद्यांपासूनचा शब्द आहे, कानाला सोसवतो म्हणून टिकलाय. योरीडलाही तेच सांगितलं होतं, बाबा समुद्रावर राहिला. तिने पुढे काही विचारलं नाही. शहाणी पोर, सगळे म्हणाले. पोरांनी विचारलं नाही की आम्हा मोठ्यांना ती शहाणीच वाटतात.

सिनेमा चांगला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. यान बिघडलं, आत थंडी वाढली, श्वास घ्यायला हवा पुरेना, आणि सगळं सभागृह पुढे झुकून बसलं. बिघडलेल्या यंत्राबद्दल आमच्या माणसांना मत असतंच. मागच्या रांगेत दोन म्हातारे त्या अंतराळवीरांचं नेमकं कुठे चुकलं यावर कुजबुजत होते. मग परतीची वेळ आली. यान पृथ्वीच्या हवेत शिरलं आणि रेडिओ बंद पडला. तो पडणारच होता, ठरल्या वेळी पुन्हा सुरू होणार होता. ती वेळ सरली. खालून एक माणूस यानाचं नाव घेऊन हाक मारत होता. उत्तर नाही. पुन्हा हाक. नुसती खरखर.

ती खरखर गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या ओळखीची आहे. बोटी बाहेर असल्या की ओट्यावरचा रेडिओ चालूच असतो. म्हातारे गप्प झाले. हेर्डिसकडे कोणीही बघितलं नाही, आणि ते न बघणं तिला मानेवर जाणवत होतं. माग्नेला शोधायला गेलेली माणसं माघारी आली तरी तिच्या घरात ती खरखर चालूच होती. शेवटी तोरलाइफनेच बटण फिरवून रेडिओ बंद केला. तिला ना झोप होती ना जेवण. भावापाठोपाठ भावजयही हातची जाते की काय, अशी त्याला भीती वाटली होती. योरीड तेव्हा शाळेत होती.

पडद्यावरचा माणूस हाका मारतच राहिला. बाकीच्यांनी आशा सोडली, कोणी हेडफोन काढून ठेवला, हा थांबेना. आणि मग वरून आवाज आला. सभागृहात दोनचार टाळ्या वाजल्या आणि ओशाळून थांबल्या.

बाहेरच्या खोलीत कॉफी आणि वॉफलं होती. लोक हेर्डिसशी हवापाण्याचं बोलून लगबगीने बाजूला होत होते. योरीड आईचा हात धरून उभी होती. तोरलाइफने तिच्यासाठी तपकिरी चीज घातलेलं वॉफल आणलं आणि भीती वाटली का, म्हणून विचारलं.

"नाही." वॉफल तिने घेतलं, पण खाल्लं नाही. "तो काका हाका मारायचा थांबला नाही ना, म्हणून ते आले."

तोरलाइफ हसायला गेला, पण त्याला हसता आलं नाही.

"बाबापण समुद्रावर राहिलाय," योरीड म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, गणित सोडवावं तशी ती बोलत होती. "मग आपल्या घरचा रेडिओ कोणी बंद केला?"

तोरलाइफचा चेहरा पार उतरला. हेर्डिसने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. माग्ने गेल्यापासून तिच्या घरची लाकडं यानेच फोडली होती, दारातलं बर्फ यानेच काढलं होतं. त्याच्या पोटी मूल नव्हतं, होती ती हीच एक. हेर्डिसला त्याची फार दया आली.

"मी," ती म्हणाली.

योरीड आईकडे बघत राहिली. मग तिने आईच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि काकाचा धरला. घर येईपर्यंत तिने तो सोडला नाही.